कॅनरीची पिल्लं वेगळी कधी काढायची आणि तरुण नराचा गळा कसा घडवायचा?

खोपा_पहिला

कॅनरीची पहिलीच वीण आहे. चार अंडी होती, तीन फुटली. थोरली दोन पिल्लं आज १८ दिवसांची, दिवसभर दांडीवर असतात. तिसरं दोन दिवस मागून फुटलं, ते अंगाने बारीक आहे आणि अजून घरट्यातून हललेलं नाही. नर तिघांनाही भरवतोय. मादीने मात्र कालपासून नवाच उद्योग सुरू केलाय: पिल्लांच्या पाठीवरची पिसं उपटायची आणि घरट्याच्या काठावर नेऊन रचायची. एकाच्या पाठीवर नखाएवढी कातडी उघडी दिसतेय.

पिंजरा ९० सेंमी लांब, मधोमध सरकती जाळी बसते. खाणं म्हणजे कॅनरी सीडचं मिश्रण, उकडलेलं अंडं, कटलबोन (कॅल्शियमसाठी कटलफिशचं हाड).

प्रश्न असे:

१. मादीला काढू की पिल्लांना?
२. पिल्लं आईबापापासून कितव्या दिवशी तोडायची? एकीकडे २१ वाचलं, दुसरीकडे ३५.
३. बारक्याला हाताने भरवावं का?
४. यातले नर कसे ओळखायचे? त्यांना चांगलं गायला यावं म्हणून मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं तर चालतं का?

पिसारा

आधी पिसांचं, कारण ते आजच्या आज थांबवायला हवं.

मादीचं डोकं फिरलेलं नाही. पहिली पिल्लं अडीच आठवड्यांची झाली की ती दुसऱ्या विणीच्या तयारीला लागते, आणि घरट्यासाठी काहीच हाताशी नसेल तर पिंजऱ्यातली सगळ्यात मऊ वस्तू म्हणजे पिल्लांची पाठ. म्हणून दुसरी घरट्याची वाटी लावा आणि सामान भरपूर द्या: ताग उसवून त्याचे ५ सेंमीचे तुकडे, काथ्याच्या शेंड्या, वाळलेलं बारीक गवत. शिवणाचा दोरा, लोकर, लांब केस अजिबात नको. एक धागा पिल्लाच्या बोटाला गुंडाळला की दोन दिवसांत बोट काळं पडतं. ही दुसरी वाटी खरं तर पिल्लं १४-१५ दिवसांची असतानाच लावायची असते, म्हणजे मादी पिसांच्या वाटेला जातच नाही. एकदा चटक लागली की नुसत्या सामानाने बहुतेक वेळा भागत नाही.

तेव्हा सरकती जाळी आजच घाला. पिल्लं एकीकडे, आईबाप दुसरीकडे. जाळी तारेचीच हवी, पत्र्याची नको. तारांमधलं अंतर १२ मिमीच्या आसपास असलं की चोचीला चोच भेटते, पण डोकं अडकत नाही. आता दांड्यांकडे लक्ष द्या, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. जाळीच्या दोन्ही बाजूंना, जाळीला समांतर, एकाच उंचीवर आणि जाळीपासून ४-५ सेंमीवर एकेक दांडी पाहिजे. पिल्लाकडची दांडी हातभर लांब राहिली तर बाप तोंडात घास घेऊन जाळीला लटकत राहतो आणि पिल्लं पलीकडे ओरडत राहतात. जाळी सकाळी घाला, संध्याकाळी नको. बाप तारांतून भरवायला लागला हे डोळ्यांनी बघायला दिवस हातात पाहिजे. साधारण तासाभरात त्याला जमतं. जुनं घरटं पिल्लांच्याच बाजूला ठेवा, बारक्याला रात्री ऊब लागेल.

उपटलेली पिसं काही आठवड्यांत परत येतात, त्याची काळजी नको. तुटलेलं पीस मात्र येत नाही, ते मोल्टमध्ये, म्हणजे दर वर्षीच्या पीसगळतीत, गळेपर्यंत तसंच राहतं. त्यातही कॅनरीच्या पहिल्या मोल्टमध्ये पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं बदलतच नाहीत, फक्त अंगावरची बदलतात. म्हणजे आत्ता पंखाचं पीस मोडलं तर ते पुढच्या वर्षापर्यंत मोडकंच.

आता खाणं. नुसतं उकडलेलं अंडं चिकट होतं आणि चोचीच्या कडेला वाळून बसतं. एक अंडं १० मिनिटं उकळा, बारीक किसा आणि त्यात तीन-चार मोठे चमचे कोरडा टोस्टचा चुरा मिसळा. मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोट लावलं की भुगा व्हावा, इतपत ओल. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या. उकाड्यात दोन तासांनी उरलेलं काढून टाका, थंडीत चार. सकाळचं एगफूड, म्हणजे हेच अंड्याचं मिश्रण, संध्याकाळपर्यंत पडून राहतं तिथेच पिल्लांची पोटं बिघडतात. घरट्यातल्या पिल्लांच्या पातळ विष्ठेने मादीच्या पोटाची पिसं ओली, चिकट होतात. मग लोक म्हणतात मादीला घाम येतोय. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथीच नसतात.

सोबत भिजवलेलं बी. १० ते १२ तास पाण्यात, मग गाळणीत निथळत ठेवून दर आठ तासांनी धुवायचं. पांढरं टोक जेमतेम दिसायला लागलं की द्यायचं. वास घेऊन बघा: ओल्या मातीसारखा आला तर ठीक, आंबूस आला तर सगळं फेकून द्या, धुऊन वापरू नका.

दुसरी_दांडी

२१ की ३५ या वादात पडू नका. दोन्ही आकडे कॅलेंडरचे आहेत, आणि पिल्लाच्या चोचीला कॅलेंडर कळत नाही.

पिल्लू दाणा *टिपतंय* म्हणजे *खातंय* असं नाही. २२-२३ दिवसांचं पिल्लू दिवसभर दाणे उचलतं, चोचीत फिरवतं आणि टाकून देतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, वा, खायला लागलं! त्याला वेगळं काढलं की दोन दिवस एगफूडवर तग धरतं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पिसं फुगवून तळाशी बसलेलं सापडतं.

खात्री अशी करायची. पिल्लांच्या बाजूला तळाला स्वच्छ पांढरा कागद घाला, त्यावर उथळ बशीत मोजून दोन चमचे कॅनरी सीड ठेवा, बाकी कोरडा दाणा काढा. संध्याकाळी कागदावर काय पडलंय ते बघा. कॅनरी सीडचं टरफल चकचकीत, होडीसारखं आणि मधे उभं चिरलेलं असतं. अशी रिकामी टरफलं ढिगाने दिसली तर दाणा फुटतोय. अख्खे दाणे नुसते विखुरलेले असतील तर तो खेळ चाललाय. तीन पिल्लं असताना कोण फोडतं आणि कोण नाही हे कागद सांगत नाही, त्यामुळे शंका असेल त्याला तासभर एकटं ठेवून बघायचं.

हे बहुतेकांना २८ ते ३५ दिवसांच्या मधे जमतं. त्यानंतरही आठवडाभर जाळीपलीकडे बाप असू द्या. तुमच्याकडे जाळी आहे, मग घाई कसली? मादी दुसऱ्या अंड्यांवर बसेल, नर पिल्लं सांभाळेल, तसंही कामाची वाटणी अशीच असते.

चेचलेलं बी हा मधला टप्पा लोक गाळतात. कॅनरी सीड आणि थोडं जवस फळीवर पसरून वरून जड बाटली फिरवायची, टरफल तडकलं पाहिजे, पीठ व्हायला नको. २१व्या दिवसापासून हे ठेवा. अख्खा दाणाही शेजारी असू द्या. एगफूड सहा आठवड्यांपर्यंत रोज, मग दिवसाआड, एकदम बंद करायचं नाही.

ब्रूडरवाला

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: बाप भरवत असेल तर नाही.

१६ दिवसांचं पिल्लू माणसाच्या हाताला चोच उघडत नाही. त्या वयात भीती आलेली असते, ते आक्रसून बसतं. मग लोक चोच बोटाने उघडून आत सिरिंज घालतात, आणि अन्न श्वासनलिकेत जातं. पिल्लू दोन-तीन वेळा मान झटकतं, टिक टिक असा आवाज येतो आणि काही मिनिटांत किंवा दुसऱ्या दिवशी न्यूमोनियाने संपतं. हाताने वाढवायचंच असेल तर डोळे उघडायच्या सुमाराला, म्हणजे सहा-सात दिवसांच्या आसपास घ्यावं लागतं, तेव्हा ते कोणत्याही हालचालीला चोच वासतं.

आधी गरज आहे का ते बघा. पिल्लाच्या मानेच्या उजव्या बाजूला क्रॉप, म्हणजे गळ्यातली अन्नपिशवी असते. पिसं फुंकरीने बाजूला करा, पातळ कातडीतून आतले दाणे चक्क दिसतात. दिवे मालवायच्या आधी क्रॉप भरलेला दिसला तर बारक्याला फक्त वेळ हवाय. संध्याकाळी रिकामा दिसला तरच हात घाला, आणि तोही एकदा-दोनदा, झोपायच्या आधी टेकू म्हणून.

कसं भरवायचं: पाखरांच्या पिल्लांसाठीचं तयार पीठ, पातळ पिठल्याइतपत सैल. तापमान ३८ ते ४० अंश, थर्मामीटरने मोजून, बोटाने अंदाज घेऊन नाही. ४३च्या वर क्रॉप भाजतो, आणि ते भाजलेलं चार-पाच दिवसांनी जखम फुटल्यावर कळतं. ३७च्या खाली अन्न क्रॉपमध्ये तुंबतं. मायक्रोवेव्हमध्ये पीठ गरम करू नका, वर कोमट आणि मधे उकळतं असा प्रकार होतो. १ मिलीची बिनसुईची सिरिंज घ्या, टोक गुळगुळीत आहे ना ते पाहा. पिल्लाच्या चोचीच्या डाव्या कोपऱ्यातून आत, रोख उजव्या बाजूच्या घशाकडे. एका वेळी ०.१ ते ०.२ मिली, गिळलं की पुढचं. एका भरवण्यात एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर जायचं नाही, म्हणजे १२ ग्रॅमच्या पिल्लाला जास्तीत जास्त १.२ मिली. चोच उघडत नसेल तर सिरिंजच्या टोकावरचा थेंब चोचीच्या कडेला लावा, चाखून गिळायला लागलं तर पुढे जा, नाहीतर सोडून द्या.

पिल्लांचं वजन मात्र रोज करा. ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा, त्यावर छोटी डबी, सकाळी पहिलं खाणं व्हायच्या आधी. वाढत्या वयात वजन दोन दिवस जागच्या जागी राहिलं तरी कान टवकारायचे. आईबापापासून तोडल्यावर थोडी घट होतेच, पण एका दिवसात दहा टक्क्यांच्या वर गेली तर पिल्लू परत बापाजवळ.

ज्यांच्यावर अगदी कोवळं पिल्लू वाढवायची वेळ येते त्यांच्यासाठी ब्रूडरचे, म्हणजे ऊब देणाऱ्या पेटीचे आकडे: नुकतंच फुटलेलं ३५-३६ अंश, पाच दिवसांचं ३३-३४, पिसांच्या नळ्या उघडल्यावर ३० आणि तिथून खाली. आर्द्रता ५० ते ६० टक्के. माना लांब करून, चोची उघड्या टाकून एकमेकांपासून दूर पसरली असतील तर गरम होतंय. गठ्ठा करून बसली आणि चोच वासायला उशीर लावतात तर थंडी वाजतेय. पहिल्या दिवसांत उजेड असेपर्यंत दर पाऊण तासाने भरवावं लागतं. ज्याला हे जमणार नाही त्याने दाई जोडी (दुसऱ्यांची पिल्लं वाढवणारी) शोधावी, आणि पिल्लांच्या वयात दोन दिवसांपेक्षा जास्त फरक नको.

पिसारा

+१. आणि बारकं मागे का पडलं, तेही पुढच्या विणीसाठी लिहून ठेवा. मादी रोज सकाळी एक अंडं देते आणि बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या अंड्यापासूनच बसायला लागते, म्हणून शेवटचं पिल्लू दोन दिवस मागून फुटतं. दोन दिवसांत पहिलं पिल्लू त्याच्या दुपटीहून मोठं झालेलं असतं. भरवताना आईबाप सगळ्यात उंच आणि जोरात वासलेली चोच आधी बघतात, बारक्याचा नंबर लागतच नाही.

उपाय सोपा आहे. पहिली तीन अंडी दिल्या दिवशीच चमच्याने उचलायची, जागी प्लास्टिकचं नकली अंडं ठेवायचं. खरी अंडी वाटीत बियांच्या गादीवर, थंड पण फ्रीजबाहेर, दिवसातून दोनदा कूस बदलून. चौथं आलं की सगळी परत. मग तेरा-चौदा दिवसांनी सगळी एकाच दिवशी फुटतात.

खोपा_पहिला

जाळी घातली. दांड्या आधी लांब होत्या, त्या जवळ आणल्यावर नराने वीस मिनिटांत भरवायला सुरुवात केली. मादी ताग उचलतेय. बारक्याचा क्रॉप संध्याकाळी भरलेला होता, त्यामुळे सिरिंजला हात लावला नाही. वजनं १७.८, १७.१ आणि १२.९.

गाण्याबद्दल कोणी सांगेल का? आणि ग्रिट (बारीक खडे) द्यायची की नाही?

दुसरी_दांडी

ग्रिट: कॅनरी दाणा सोलून खाते, कबुतरासारखा अख्खा गिळत नाही. वाळूच्या खड्यांशिवाय तिचं काही अडत नाही, आजारी पिल्लू मात्र ते भसाभसा खाऊन पोट तुंबवून घेतं. विरघळणारं कॅल्शियम हवंच, म्हणजे कटलबोन किंवा भाजून कुटलेलं अंड्याचं टरफल. मादी दुसऱ्या अंड्यांवर येतेय, तिला तर आत्ताच. कॅल्शियम कमी पडलं की अंडं अडकतं.

तानपलटा

गाण्यावर बरंच लिहायचंय, दोन बैठकींत लिहिलंय.

आधी नर-मादी. या वयात बाहेरून काही कळत नाही. पाच-सहा आठवड्यांपासून नर पिल्लं पेंगल्यासारखी दांडीवर बसून स्वतःशीच पुटपुटायला लागतात. सूर नाही, लय नाही, सतार जुळवताना होतो तसा तुटक आवाज. मादीसुद्धा अधूनमधून किलबिलते, म्हणून आवाजावर जाऊ नका, गळ्याकडे बघा. नराचा गळा फुगतो, पिसं उभी राहून थरथरतात आणि ते कितीतरी सेकंद चालतं. मादीचं दोन-चार नोटांत आटोपतं. रोज बघून पायातल्या रिंगच्या रंगाप्रमाणे वहीत खूण करत गेलात तर तीन महिन्यांचं होईस्तोवर बऱ्यापैकी अंदाज येतो. पक्की खात्री डीएनए तपासणीनेच.

आता शिकणं. कॅनरीचा नर गाणं पोटातून घेऊन येत नाही, कानाने घेतो. अगदी एकांतात वाढवलेला नरही गातो, पण ते गाणं गरीब असतं, तुकडे कमी, पोत खडबडीत. पुटपुटणं, मग कच्चं गाणं, ज्यात तुकडे ओळखू येतात पण क्रम रोज बदलतो, आणि सात-आठ महिन्यांचा होऊन पुढचा विणीचा हंगाम आला की पक्कं गाणं. या सगळ्या काळात त्याच्या कानावर काय पडतं याला महत्त्व आहे. झेब्रा फिंच या छोट्या पाळीव पाखराची शिकायची मुदत छोटी असते. तो साधारण २५व्या ते ९०व्या दिवसांत शिकतो आणि जे घेतलं ते जन्मभर गातो. बंगाली फिंचच्या जोडीखाली वाढवलेला झेब्रा फिंच बंगाली फिंचचंच गाणं उचलतो, शेजारच्या पिंजऱ्यात स्वजातीचे नर गात असले तरी. कॅनरीला मात्र दर वर्षी दुरुस्तीची संधी मिळते, जुने तुकडे गळतात, नवे येतात.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे आठवतो. कॅनरीच्या पिल्लांना संगणकावर बनवलेलं, कॅनरीच्या व्याकरणात न बसणारं गाणं ऐकवत वाढवलं. पिल्लांनी ते हुबेहूब उचललं. आणि प्रौढ होताना त्यांनी तेच तुकडे आपल्या जातीच्या रीतीने पुन्हा रचले, एकेक नोट ओळीने घोळवून मग पुढची. म्हणजे शब्द उसने, व्याकरण घरचं. यातून आपल्या कामाचं एवढंच घ्यायचं: ऐकवाल ते पिल्लू उचलेल, चांगलं आणि वाईट दोन्ही.

म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी बाप कसा गातो ते ऐका. बाप चांगला असेल तर तोच गुरू, आणि तोडल्यावरही पिल्लांचा पिंजरा त्याच्या आवाजाच्या टप्प्यात ठेवा. दिसला नाही तरी चालेल, ऐकू आला पाहिजे. बडबडे बजरीगार (छोटे पोपट) किंवा सतत पीं-पीं करणारे झेब्रा फिंच त्याच खोलीत असतील तर ते दुसरीकडे न्या.

मोबाइल चालतो का? तुमच्याकडे रोलर जातीचे पक्षी असतील तर मोबाइलचा स्पीकर कुचकामाचा आहे. रोलर चोच जवळजवळ मिटून, खालच्या पट्टीत, घुमवून गातो, आणि ती खालची पट्टी मोबाइलचा एवढासा स्पीकर गाळून टाकतो. पिल्लाच्या कानी उरतं ते वरचं खरखरीत टरफल. हातभर उंचीचा साधा स्पीकर लावा, आवाज खऱ्या पक्ष्याइतकाच, पिंजऱ्यापासून दोन मीटरवर. सकाळी वीस-तीस मिनिटं, दुपारी उशिरा पुन्हा तेवढंच. दिवसभर लावून ठेवलं की ते पंख्याच्या घरघरीसारखं होतं, कोणी कान देत नाही. एकाच नराचं रेकॉर्डिंग लावा, दहा पक्ष्यांची खिचडी नको. तरीही जिवंत गुरूची सर त्याला नाही, झेब्रा फिंच तर नुसत्या वाजत्या स्पीकरकडून फारच थोडं घेतो.

जातीचा फरकही लक्षात घ्या. स्पॅनिश टिंब्राडो चोच उघडून, धातूच्या खणखणाटासारखं गातो. बेल्जियन वॉटरस्लेगरच्या गाण्यात पाणी बुडबुडल्यासारख्या नोटा, आणि गंमत म्हणजे या जातीला वरच्या पट्टीचं जन्मजात कमी ऐकू येतं. कानाच्या आतल्या पेशींचा तो आनुवंशिक दोष गाण्यासाठी निवड करता करता जातीत पक्का झालाय. टिंब्राडोच्या पिल्लाला रोलरचं रेकॉर्डिंग लावून दोन्ही घराण्यांचं वाटोळं करू नका.

जर्मनीतल्या हार्झ डोंगराकडची जुनी पद्धत अशी की मोल्ट संपल्यावर तरुण नर एकेका छोट्या पिंजऱ्यात, पुढे दारं लावून अर्धवट अंधारात ठेवायचे, मधे गुरू, आणि ठराविक वेळी दारं उघडून गाऊ द्यायचं. स्पर्धेवाले आजही करतात. घरच्या हौसेला याची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे, पाखराच्या जिवावर ताण येतो. त्या पद्धतीतली एकच गोष्ट घ्या: वर्गातल्या एकाने कर्कश नोट पकडली की तो त्याच दिवशी वर्गाबाहेर. उशीर केला तर आठवड्यात सगळे तीच ओढतात.

मोल्टमध्ये नर गप्प झाला तर घाबरू नका. सहा-आठ आठवडे तो पिसांवर खर्च करतोय, गाण्याला शिल्लक राहत नाही. या काळात आंघोळीचं पाणी रोज, दोन सेंमीपेक्षा खोल नाही, आणि एगफूड आठवड्यातून तीनदा.

सूक्ष्मदर्शक

सगळं छान चाललंय म्हणून सांगतो: खरी पडझड ५ ते १० आठवड्यांच्या मधे होते. आईचं छत्र गेलेलं, पहिला मोल्ट तोंडावर, आणि नव्या पिंजऱ्यात दाटी. पिल्लू खात असतं, उलट जास्तच खातं, पण छातीच्या मधल्या हाडाची धार हाताला लागते. पिसं फुगलेली, विष्ठा पातळ. याला लोक सरसकट ‘सुकणं’ म्हणतात आणि दुकानातलं अँटिबायोटिक पाण्यात टाकतात. सुकणं हे लक्षण आहे, रोग नाही. आतड्यातला परोपजीवी कॉक्सिडिया असेल, त्याच कुळातला आणि यकृतावर जाणारा ॲटॉक्सोप्लाझ्मा असेल, पोटातली बुरशी मॅक्रोरॅब्डस असेल, प्रत्येकाचं औषध वेगळं. अंदाजाने अँटिबायोटिक दिलं तर आतड्यातले चांगले जंतू मरून बुरशीला रान मोकळं होतं.

विष्ठा तपासून घ्या, आणि नमुना दुपारनंतरचा घ्या. गाणाऱ्या छोट्या पाखरांत या परोपजीवींची अंडुकं दुपारी उशिरा जास्त पडतात, सकाळच्या नमुन्यात काहीच दिसत नाही आणि माणूस निर्धास्त होतो. तिन्ही पिल्लांच्या विष्ठेचे ताजे ठिपके एकत्र, कोरडे न होऊ देता. औषधाची मात्रा पक्ष्यांच्या डॉक्टरकडून. वीस ग्रॅमच्या जिवाला थेंबाचा फरकसुद्धा मारतो.

ॲटॉक्सोप्लाझ्माचं एक चिन्ह घरीही बघता येतं. पिल्लू उताणं धरून पोटावरची पिसं फुंकरा. छातीच्या हाडाच्या खाली गडद रंगाची कड उतरलेली दिसली तर ते सुजलेलं यकृत, लगेच डॉक्टर.

पिल्लं अचानक फिकी पडली, चोचीच्या आतला लाल रंग पांढुरका झाला, तर लाल माइट, म्हणजे रात्री रक्त पिणारा बारीक किडा. दिवसा एकही दिसणार नाही. दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन दांडीची टोकं जिथे जाळीत बसतात तिथे आणि घरट्याच्या वाटीखाली बघा. दांडीच्या टोकापाशी पांढरा कागद गुंडाळून ठेवला आणि सकाळी चिरडला तर लाल रेघा उमटतात. हा किडा रक्त न मिळताही महिनोन्‌महिने तग धरतो, त्यामुळे रिकामा पिंजरा म्हणजे स्वच्छ पिंजरा नव्हे.

गाण्याची हौस आहे म्हणून आणखी एक. नराचा आवाज बसला, अंधारात शांत असताना टिकटिक ऐकू येते, श्वासागणिक शेपटी खाली-वर होते, तर वायुकोशातला माइट असू शकतो. भरवताना तो आईबापाकडून पिल्लांत जातो. तानपलटा यांच्या शिकवणीत बसवायच्या आधी तरुण नराला हातात घेऊन कानाशी धरा.

पिंजऱ्याला बारीक मच्छरदाणीही हवी. कॅनरीचा देवीरोग डासांमार्फत येतो आणि तरुण पक्ष्यांत झपाट्याने पसरतो.

ब्रूडरवाला

पिंजरा स्वयंपाकघराला लागून असेल तर नॉनस्टिकची भांडी बंद करा. तवा रिकामा तापला की त्याच्या थरातून निघणारा वायू माणसाला जाणवतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत दांडीवरून पडतात. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा ताजी वाहते, म्हणून विषही आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने भिनतं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी नेत होते ते याच गुणासाठी.

दुसरी_दांडी

या धाग्यावर उद्या कोणीतरी रस्त्यात सापडलेलं रानपाखराचं पिल्लू घेऊन येईल, म्हणून आधीच लिहितो. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू हरवलेलं नसतं, आईबाप जवळच असतात. उचलू नका, मांजरापासून दूर झुडपावर ठेवा. आणि पाळायला घ्यायचं तर पिंजऱ्यात जन्मलेलंच. बंद रिंग हा त्याचा पुरावा: अखंड कडं पाच-सात दिवसांच्या पिल्लाच्याच पायात सरकतं, मोठ्या पक्ष्याच्या पंज्यावरून जात नाही. उघडझाप करणारी रिंग कोणीही कधीही घालू शकतं.

खोपा_पहिला

सगळ्यांचे आभार. २९वा दिवस. कागदावर टरफलांचा ढीग आहे, पण तासभर एकटं ठेवल्यावर थोरल्या दोघांनीच दाणे फोडले. बारकं (१५.६) अजून दाणा फिरवून टाकतंय, चेचलेलं मात्र खातंय. मादी नव्या तीन नकली अंड्यांवर बसलीय, चौथं उद्या यावं.

थोरल्यांतलं एक आज दुपारी डोळे अर्धे मिटून गळा फुगवत होतं. आवाज जवळजवळ नव्हताच.

तानपलटा

लवकर आहे, पण होतं असं. रिंगचा रंग वहीत लिहा, आणि बारकं दाणे फोडेपर्यंत थोरल्यांनाही तिथेच ठेवा. बघून बघून शिकतं ते.